नारुगोलचा कच्चा मासा

प्रिय गाराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र बाजूला टाकलं नाहीस, याबद्दल आधी बरं वाटतंय. घरी सगळे बरे आहेत. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण आपल्या घरात कुणी कुणाला पत्र लिहीत नाही आणि लिहिलं की समोरचा घाबरतो. तुझी आई ठणठणीत आहे, बाबा बरे आहेत, मी आहे तशीच आहे. केस अजून थोडे पांढरे झाले, जिना चढताना गुडघा कुरकुरतो. तू माझे फोन उचलत नाहीस त्याचा मला राग नाही. गावातल्या त्या सभेनंतर तू मला मोबाईलवर शेवटचा निरोप पाठवला होतास, 'आत्या, तुला लोकांच्या पोटातले किडे दिसतात, भूक दिसत नाही.' तो मी पुसलेला नाही. वाक्य चांगलं होतं. आमच्या रुग्णालयातल्या डॉ. नामगुंगना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पोरगी वकील व्हायला हवी होती." म्हणून यावेळी लिहिते आहे. लिहिलेलं मधेच ठेवून देता येतं आणि राग उतरला की पुन्हा उचलता येतं.

आत्या डॉक्टर आहे हे तू लहानपणापासून ऐकलंस, पण मी दिवसभर नेमकं काय करते ते तुला कुणी धड सांगितलं नसणार. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, आमची पॅथॉलॉजीची लॅब आहे. वर कुणाच्या शरीरातून काही कापून काढलं की त्याचा तुकडा बरणीतून माझ्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर घेऊन रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघून आजार कोणता ते सांगायचं. माणूस मला दिसत नाही, बरणीवरचं नाव तेवढं दिसतं. आपल्या गावात, नारुगोलात, याची भरपूर चेष्टा व्हायची. तुझे आजोबा धक्क्यावरच्या दुकानात कच्चा मासा कापून वाढता वाढता गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची मिरान मोठी डॉक्टर आहे, पण तिच्याकडे जाऊ नका बरं का. तिच्याकडे गेलेलं काही परत येत नाही." मग मीच सगळ्यात मोठ्यानं हसायची. ते खरंच होतं.

डॉ. नामगुंग पोटाच्या विकारांचे डॉक्टर. सोलहून आमच्याकडे आले तेव्हा वाटलं, वर्षभर टिकले तरी खूप. उंच, पाठीत वाकलेले, बोलण्यात फटकळ, आणि मासा तर तोंडातच घालत नाहीत. एक दिवस ते स्वतःच जिना उतरून तळघरात आले. वरचे डॉक्टर सहसा आमच्याकडे येत नाहीत, वॉर्डबॉयच्या हाती बरणी पाठवतात. माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "तुमच्या या नदीकाठच्या माणसांना झालंय तरी काय? अर्ध्या वॉर्डाचे डोळे पिवळे. सोलमध्ये मी पित्तनळीचा कॅन्सर क्वचित बघायचो. इथं मला रोज दिसतो." मी म्हटलं, "बसा." आणि कपाटातून जुन्या स्लाइडी काढल्या. त्या संध्याकाळी आम्ही जे बघायला सुरुवात केली, तेच पुढं आमचं संशोधन झालं.

त्यात गुंतागुंतीचं काही नाही. नाकदोंग नदीच्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मांसात डोळ्यांना न दिसणारी अळी असते. मासा कच्चा खाल्ला की ती आपल्या यकृतातल्या पित्तनळ्यांत जाऊन राहते, तिथं तिचा चपटा, पारदर्शक किडा होतो, सूर्यफुलाच्या बीच्या सालीएवढा. तो वर्षानुवर्षं जगतो, कधीकधी माणूस म्हातारा होईपर्यंत. दुखत नाही, खुपत नाही. पण नळी आतून सोलवटत राहते, भरून येते, पुन्हा सोलवटते, जाड होत जाते, आणि काही थोड्या माणसांत त्या जाडीचा पुढं कॅन्सर होतो. डॉ. नामगुंग गावोगाव फिरून शौचाचे नमुने गोळा करायचे, किड्याची अंडी सापडली की त्या माणसाची सोनोग्राफी करायचे. आणि ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्या नळ्या मी बघायची. मग आम्ही दोघं त्यांची चित्रं आणि माझ्या स्लाइडी शेजारी ठेवून जुळवायचो. बाजारातल्या बायका त्यांना बघून तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावायच्या, "आला गं आला, डबेवाला डॉक्टर आला." आणि प्रत्येक गावात कुणीतरी पुरुष छाती काढून सांगायचाच की आम्ही मासा व्हिनेगर-मिरचीच्या चटणीत बुडवून खातो आणि वर सोजूची दारू पितो, किडा जगेलच कसा. "सोजूनं किडा मेला असता," तुझी आई एकदा म्हणाली होती, "तर आमचे सासरे दोनशे वर्षं जगले असते."

आजोबा जगले नाहीत. त्यांचे डोळे पिवळे झालेत हे आम्हा घरच्यांच्या आधी एका गिऱ्हाइकाला दिसलं. तू तेव्हा परीक्षेच्या अभ्यासात होतीस, तुला बरंचसं सांगितलं नव्हतं. त्यांचं ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात झालं. अशा ऑपरेशनमध्ये सर्जन नळीचा रोगट भाग कापतो आणि उरलेल्या नळीची कड लगेच पॅथॉलॉजीत पाठवतो. ती तिथल्या तिथं गोठवून बघायची आणि सांगायचं, कड स्वच्छ आहे, किंवा अजून कापा. रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट मी एकटीच. मी "अजून कापा" म्हटलं. दुसरी कड आली, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर वरून सर्जनचा आवाज आला, "मिरान, आता कापायला काही उरलं नाही." मी हातमोजे काढले आणि वर आले. बाहेर दादा, म्हणजे तुझे बाबा, बसला होता. त्यानं माझा चेहरा बघितला, तेवढ्यानं त्याला कळलं.

त्यानंतर आजोबा हिवाळाभर होते. वॉर्डात ते सगळ्यांचे लाडके. डॉ. नामगुंग रोज यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि निघून जायचे. एक दिवस आजोबाच म्हणाले, "डॉक्टर, घशात काटा अडकल्यासारखं तोंड करून किती दिवस उभे राहणार? बोला काय ते." तेव्हा त्यांनी विचारलं की गेल्यानंतर यकृत तपासायची परवानगी द्याल का; जिवंत माणसाच्या तुकड्यात दिसत नाही ते संपूर्ण यकृतात दिसेल. मी खिडकीशी उभी होते. आजोबा म्हणाले, "जन्मभर माशांची पोटं फाडली मी. एकालाही विचारलं नाही. तुम्ही विचारताय, हेच पुष्कळ झालं. करा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण ही नाही करणार. हिचे हात थरथरतात." माझे हात कधीच थरथरत नाहीत. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की मी ते करू नये. देगूहून माझे गुरू, प्राध्यापक ब्योन, आले आणि त्यांनी केलं. दादाला हे अजिबात पसंत नव्हतं. "आईच्या शेजारी अर्धा माणूस पुरायचा का?" असं तो मला दफनभूमीच्या वाटेवर सगळ्यांसमोर म्हणाला. यकृत पुन्हा जागच्या जागी ठेवून शिवलं होतं हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.

सभेच्या दिवशी तू पुढच्या रांगेत होतीस, तेव्हा ते सगळं तुला माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं एकदा सांगते. आम्ही नारुगोलच्या समाजमंदिरात पडद्यावर एक स्लाइड दाखवली, नळीच्या आत आडवा पडलेला किडा. नाव कुणाचंच सांगणार नव्हतो. मागून गावप्रमुख मिनकाका ओरडले, "हा कुठनं आणला? चीनहून मागवलाय का?" सगळं गाव हसलं. डॉ. नामगुंगांचं डोकं फिरलं आणि ते बोलून गेले, "हा इथलाच आहे. याच धक्क्यावर जन्मभर मासा कापलेल्या माणसाच्या यकृतातला." धक्क्यावर जन्मभर मासा कापलेला माणूस एकच होता. हसणं थांबलं आणि सगळ्या माना दादाकडे वळल्या. दादा उठला. तू उठलीस. जाताना तो माझ्यापाशी थांबून म्हणाला, "बापाला भिंतीवर टांगलंस." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी डॉ. नामगुंग माफी मागायला दुकानावर गेले, तर दादानं, अपशकुनी माणसाला हाकलतात तसं, दारातच त्यांच्या अंगावर मूठभर मीठ फेकलं. लॅबमध्ये आले तेव्हा त्यांच्या केसांत, कॉलरमध्ये खडे मीठ होतं. "बरोबर केलं त्यांनी," म्हणाले, आणि खुर्चीत बसून मीठ झटकत राहिले.

दुकान बसलं म्हणून तू माझ्यावर चिडलीस. पहिला उन्हाळा ते खरंच बसलं होतं. पण लोकांची भीती फार टिकत नाही, गाराम. दुसऱ्या उन्हाळ्यात गाड्या पुन्हा धक्क्यावर लागायला लागल्या. दादानं दारावर पाटी लावली, 'आमचा मासा सोजूत धुतलेला.' मी रुग्णालयातून घरी जाताना पुलावरून ती वाचायची. किडा मारायच्या गोळ्या स्वस्त असतात, एका दिवसात घेऊन संपतात. आम्ही त्या वाटल्या, आणि लोक सकाळी गोळी घेऊन संध्याकाळी पुन्हा मासा खायला बसायचे. मिनकाकांनी तर मला रस्त्यात अडवून आनंदानं सांगितलं, "आता निर्धास्तपणे खातो. वसंतात गोळी, वर्षभर चैन." डॉ. नामगुंगांनी हे ऐकून कपाळ टेबलावर टेकवलं. तरीही आमचं काम थांबलं नाही. आणि त्यातून एक गोष्ट हाती लागली, ती आजोबांमुळे. कावीळ व्हायच्या वर्षभर आधी त्यांनी सरकारी आरोग्य तपासणीत सोनोग्राफी केली होती. त्या चित्रात यकृतातली पित्तनळीची एक फांदी फुगलेली होती, आणि तिथं खडा नव्हता. तेव्हा याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. प्राध्यापक ब्योननी त्यांच्या यकृतातून नेमकी ती जागा मला काढून दिली, आणि मायक्रोस्कोपखाली दिसलं की फुगलेल्या फांदीच्या मुळाशीच कॅन्सर सुरू झाला होता. मग आम्ही जुन्या सगळ्या रोग्यांची चित्रं काढून बघितली. कितीतरी जणांत तसंच. तेव्हापासून अंडी सापडलेल्या कुणाचीही फांदी खड्याशिवाय फुगलेली दिसली, की डॉ. नामगुंग त्याला घरी सोडत नाहीत.

आता तुला ठाऊक नसलेला भाग. मागच्या शरदात तुझी आई लॅबमध्ये आली. हातात किमचीची पिशवी, किमचीच्या डब्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली छोटी डबी. "तुझ्या दादाचं आहे," ती कुजबुजली. "कसं मिळवलं ते विचारू नकोस." मला हसू आवरेना. पण मी डबी परत केली. त्याला न सांगता, त्याच्या संमतीशिवाय तपासणं चालणार नाही, असं सांगितलं. ती भडकली. "गावभर फिरून परक्यांचं तपासता, आणि घरच्याचं नाही?" म्हटलं, "परक्यांनाही विचारतो, वहिनी." ती किमची ठेवून, डबी घेऊन तरातरा गेली. पुढच्या आठवड्यात दादा स्वतः आला. वहिनीनं त्याला दुकानात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या टेबलांसमोर विचारलं होतं, "का हो, मासे कापायला घाबरत नाही, आणि डबीला घाबरता?" तो डॉ. नामगुंगांच्या खोलीत गेला, टेबलावर डबी ठेवली आणि म्हणाला, "घ्या. काही निघणार नाही." मला भेटायला तळघरात आला नाही.

अंडी निघाली, भरपूर. गोळ्या त्यानं डॉक्टरांसमोरच गिळल्या, चेहरा वाकडा करून. मग सोनोग्राफी झाली. डॉ. नामगुंग जिना उतरून आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. एक फांदी फुगलेली. खडा नाही. दादाला ना कावीळ होती, ना वेदना, ना वजन घटलेलं. दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात त्याला छान आहात म्हणून घरी पाठवलं असतं. इथं त्याच्या नळीत दुर्बीण घालून ब्रशनं पेशी काढल्या आणि त्या माझ्या टेबलावर आल्या. बरणीवर नाव होतं, पियो तेगॉन. मी ती कुणाकडे तरी सोपवायला हवी होती, पण सोपवायला दुसरं होतं कोण. मी बघितलं. मग स्लाइडी गुंडाळून देगूला प्राध्यापक ब्योनकडे पाठवल्या, माझं मत न लिहिता. त्यांचा फोन आला, "मिरान, तुला काय आहे ते कळलेलं आहे. मी फक्त सही करतोय."

सांगायला मीच गेले. डॉ. नामगुंग येतो म्हणाले होते, पण त्यांच्या अंगावर पुन्हा मीठ पडू द्यायचं नव्हतं. दुपार होती, दुकान रिकामं. दादा काचेची टाकी घासत होता. मी गाडीत बसून वाक्यं ठरवली होती, पण टाकीजवळ उभी राहिले आणि एकही आठवेना. त्यानं मान वर न करता विचारलं, "बाबांचंच ना?" मी हो म्हटलं. "किती?" म्हटलं, "बाबांच्या मानानं अगदी थोडं. लवकर सापडलंय. कापून निघेल असं." तो घासत राहिला. मग पाण्याचा नळ बंद केला आणि म्हणाला, "बाबांचं लवकर का नाही सापडलं?" मी सांगितलं की तेव्हा कुठं बघायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. ते बाबांच्या यकृतानंच दाखवलं, त्यांना फाडल्यामुळे. हा शब्द मी मुद्दामच वापरला, आजोबांचाच होता तो. तो टाकीच्या कडेला हात टेकून उभा राहिला. रडला वगैरे नाही. तुझे बाबा तसे नाहीत. मग म्हणाला, "जेवलीस का?" आणि मी नाही म्हणायच्या आत त्यानं माशाचा तिखट रस्सा गॅसवर चढवला. चांगला खदखदून उकळला. माझ्यासमोर वाडगा ठेवून म्हणाला, "शिजवलाय. बघ, मेलेत का सगळे." सभेनंतर त्या घरात मी पहिल्यांदा जेवले.

ऑपरेशन देगूला झालं, वसंताच्या सुरुवातीला. तुला सांगितलं होतं की आईबाबा गरम पाण्याच्या कुंडांवर गेलेत, थोडा आराम करताहेत. तुला पाठवलेले फोटो जुने होते. आईचा तो हिरवा कोट तिनं केव्हाच कुणाला तरी देऊन टाकलाय, तुझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. लपवायचं दादानं ठरवलं होतं. मला पटलं नव्हतं, पण आजार त्याचा होता. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत काय चाललंय ते मला पावलापावलानं ठाऊक होतं, आणि तेच त्रासाचं होतं. कड खाली गेली असेल, आता गोठवत असतील, आता बघत असतील. उत्तर यायला हवं होतं तेवढा वेळ झाला, आणि आलं नाही. वहिनी म्हणाली, "तू डोळे मिटून प्रार्थना करतेस, असं पहिल्यांदाच बघतेय." मी प्रार्थना करत नव्हते. आत ते कुठल्या पायरीवर असतील, ते मी ओळखत होते. पहिली कड संशयास्पद निघाली असणार, म्हणून सर्जननं आणखी कापलं असणार. तसंच झालं होतं. दुसरी स्वच्छ निघाली. प्राध्यापक ब्योन स्वतः जिन्यानं वर आले, एवढ्या वयात, आणि माझ्यासमोर उभं राहून दम खात म्हणाले, "कड स्वच्छ आहे." मी त्या तीन शब्दांचे रिपोर्ट किती लिहिले असतील. बाकाच्या या बाजूला बसून ते कसे ऐकू येतात हे मला माहीत नव्हतं. वहिनीला अर्थ कळला नाही, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड बघून ती आधी घाबरली आणि मग रडली.

यकृताचा डावा भाग काढला आहे. उरलेलं यकृत वाढून भरून येतं, तेवढं एक चांगलं आहे त्याच्यात. लसिकाग्रंथींत काही सापडलं नाही. पुढची काही वर्षं ठरल्याप्रमाणे तपासण्या कराव्या लागतील, आणि त्या होईपर्यंत मी कुणालाही 'पूर्ण बरा' हा शब्द वापरू देणार नाही, त्यालाही नाही. पण तो धक्क्यावर परत आला आहे. हळू चालतो, सुरी पुन्हा हातात घेतली आहे. टाकी विकली. दुकानात आता फक्त रस्सा आणि तळलेला मासा मिळतो. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतात, मिनकाका तर म्हणाले, "पियोच्या दुकानात आता काय रुग्णालयाचं जेवण मिळतं." दादानं त्यांना शर्ट वर करून टाक्यांचा व्रण दाखवला आणि विचारलं, "कच्चा हवाय?" मिनकाका रस्सा खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन डॉ. नामगुंगांकडे आले, म्हणे सहज जाता जाता.

हे सगळं तुला सांगून टाक असं मी दादाला किती वेळा म्हटलं. तो म्हणायचा, चुसॉकच्या सणाला घरी येईल तेव्हा बघू. मला वाटत राहिलं की तुला काळजी लागेल म्हणून तो टाळतोय. मागच्या रविवारी स्वयंपाकघरात तो लसूण सोलत होता, मी समोर बसले होते, आणि तो अचानक म्हणाला, "गारामला मीच भरवलंय." मला समजलं नाही. "तीन वर्षांची होती," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान. मी कच्चा तुकडा चटणीत बुडवून तिच्या तोंडात घातला. तिनं तोंड वाकडं केलं नाही, अजून मागितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, बघा, पियोंची पोर. मग रोज भरवायचो. माझ्या हातानं." आणि त्याच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. टाकीपाशी उभा होता तेव्हासुद्धा तो इतका घाबरलेला मला दिसला नव्हता. मग म्हणाला, "तू सांगशील तिला तपासून घ्यायला? मी सांगितलं तर ती का म्हणून विचारेल, आणि मला ते बोलता येणार नाही." गाराम, हे पत्र त्यासाठी आहे. तू राहतेस त्या सोलमध्येच डॉ. नामगुंगांची एक जुनी सहकारी आहे, तिचा पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे. तिला फक्त नारुगोल म्हण, पुढचं ती समजेल. डबीत नमुना न्यायचा, जमलं तर सोनोग्राफी करून घ्यायची. अंडी निघाली तर एका दिवसाच्या गोळ्या आहेत, त्या घ्यायच्या आणि पुढं कच्चा मासा खायचा नाही. तुझ्या वयात याहून जास्त काही निघण्याची शक्यता फारच कमी आहे, आणि हे मी आत्या म्हणून बोलत नाही, स्लाइडी बघणारी म्हणून बोलते. माझ्यावर राग ठेवायचा असेल तर ठेव, त्याची घाई नाही. त्याला मात्र ते भरवण्याबद्दल काही विचारू नकोस. आणि निकाल हातात आला की पहिला फोन मला करू नकोस. त्याला कर.

तुझीच,
मिरानआत्या